सामाईक भिंत : ओल, आवाज आणि फटी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-नाशकातील रो-हाउस, मुंबई-ठाण्यातील सदनिका आणि जुन्या पेठांतील एकमेकांना टेकून उभे असलेले वाडे या सर्वांत एक गोष्ट समान असते, ती म्हणजे दोन बिऱ्हाडांच्या मधली भिंत. घरदुरुस्तीच्या कामात या भिंतीविषयी सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

सामाईक भिंतीचा त्रास नेमका कशाचा आहे, हे आधी कसे ठरवावे?

भिंतीतून पलीकडून अलीकडे चार गोष्टी येऊ शकतात : पाणी, आवाज, हवा आणि उष्णता. यांपैकी प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडेलच असे नाही. किंबहुना आवाजासाठी लावलेले जिप्सम बोर्ड ओल असलेल्या भिंतीवर बसवले, तर वर्षभरात बोर्डही फुगते आणि मागची ओल नजरेआड गेल्यामुळे तिचा शोध घेणेही अवघड होऊन बसते. म्हणून क्रम ठरलेला आहे : आधी पाणी थांबवायचे, मग भिंत वाळू द्यायची, त्यानंतर फटी बुजवायच्या आणि सर्वांत शेवटी, खरोखर गरज उरली असेल तरच, भिंतीवर आणखी एखादा थर चढवायचा. बहुतेक घरांत तिसऱ्या पायरीवरच काम संपते.

भिंतीवर ओल दिसते. ती भिंतीतून येते की खोलीतील दमट हवेतून, हे घरच्या घरी तपासता येते का?

येते. डाग असलेल्या जागेचे पोपडे खरवडून ती कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, तेथे साधारण दोन फूट लांब-रुंद अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेवावा आणि त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. एक-दोन दिवसांनी फॉइल काढून पाहावे. पाण्याचे थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीच्या पोटातून येत आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतील बाष्प गार भिंतीवर साचत आहे.

ओल भिंतीतूनच येत असेल, तर पुढचा साक्षीदार म्हणजे कॅलेंडर. एप्रिल-मे महिन्यांतही डाग ओलाच राहत असेल, तर संशय नळाच्या पाइपवर, बाथरूमवर किंवा सांडपाण्याच्या वाहिनीवर घ्यावा. पावसाळ्यातच, आणि तेही मोठी सर येऊन गेल्यावर काही तासांनी डाग वाढत असेल, तर पाणी गच्चीवरून, कठड्यावरून किंवा दोन घरांच्या मधल्या सांध्यातून उतरत आहे, असे समजावे. जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांच्या पट्ट्यात लोणा लागून प्लास्टर भुसभुशीत झाले असेल आणि त्या रेषेच्या वर भिंत कोरडी असेल, तर पाणी पायातून वर चढत आहे. जुन्या घरांत जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घातलेला नसतो किंवा तो निकामी झालेला असतो.

ओल शेजाऱ्यांच्या बाथरूममधून येते, याची आम्हाला खात्री आहे. त्यांना फरशी फोडायला सांगावे का?

एवढ्यात नाही. बहुतेक भांडणांची सुरुवात याच खात्रीपासून होते. आधी त्यांच्या संमतीने दोन साध्या चाचण्या कराव्यात. पहिलीत, त्यांच्या घरातील सर्व नळ बंद ठेवून रात्रभर पाण्याच्या मीटरचा आकडा पाहावा. आकडा पुढे सरकला, तर दाबाखालचा एखादा पाइप गळत आहे. दुसरीत, नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीतून पाणी वाहून जाण्याच्या भोकाचे, तोंड बंद करून बाथरूममध्ये इंच-दीड इंच पाणी साठवावे आणि ते २४ ते ४८ तास तसेच ठेवावे. पाण्यात थोडा रंग मिसळला, तर आपल्या बाजूला उमटणारा डाग ओळखणे सोपे जाते, परंतु जाड भिंतीत रंग वाटेतच गाळला जाऊ शकतो, त्यामुळे रंग दिसला नाही म्हणून बाथरूम निर्दोष ठरत नाही.

यासंबंधी माझी स्वतःची एक चूक सांगण्यासारखी आहे. एका रो-हाउसमध्ये दर श्रावणात जमिनीपासून तीन फुटांवर, स्विच बोर्डाच्या खाली, थाळीएवढा डाग उमटत असे. पलीकडे बाथरूम असल्याने आम्ही शेजाऱ्यांची फरशी उकलली, नवा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर, घातला, आणि पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा त्याच जागी हजर झाला. शेवटी लक्षात आले की गच्चीच्या कठड्यातून डिशच्या वायरीसाठी पाडलेले छिद्र उघडेच राहिले होते. पावसाचे पाणी वायरीला धरून भिंतीतील पाइपात शिरत होते आणि बारा फूट खाली येऊन स्विच बॉक्समध्ये झिरपत होते. वायर बाहेर खालच्या बाजूने वळवून छिद्र सीलंटने बंद करायला अर्धा तास पुरला. स्विच बोर्डाजवळ ओल दिसल्यास त्या सर्किटचा पुरवठा आधी बंद करावा आणि मगच भिंतीला हात लावावा.

आमच्याच बाजूने वॉटरप्रूफ रंग किंवा केमिकल कोटिंग लावले, तर काम भागणार नाही का?

पाणी पलीकडून येत असताना अलीकडच्या बाजूला लावलेला रंगाचा थर पाण्याच्या दाबाने आणि क्षारांच्या रेट्याने सुटतो, त्याखाली फुगे येतात आणि डाग बाजूला सरकून दुसऱ्या जागी बाहेर पडतो. मूळ जागेपर्यंत पोहोचणे खरोखर अशक्य असेल, उदाहरणार्थ शेजारचे घर वर्षानुवर्षे कुलूपबंद असेल, तर प्लास्टर विटेपर्यंत काढून, सांधे खरवडून, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा लेप देऊन वर नवे प्लास्टर करता येते. हा लेप साध्या रंगापेक्षा पुष्कळ टिकतो, तरीही तो तडजोडीचाच उपाय आहे. त्यामुळे भिंत अलीकडून कोरडी दिसते, आतून ओलीच राहते.

पाणी थांबवल्यावर लगेच पुट्टी आणि रंग करण्याचा मोहही टाळावा. नऊ इंची विटांची भिंत पूर्ण भिजलेली असेल, तर ती वाळायला आठवडे नव्हे, महिने लागतात. लोणा लागलेले प्लास्टर डागाच्या कडेपासून फूटभर पुढेपर्यंत काढून टाकावे, पांढरे क्षार पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडावेत, कारण धुतल्याने ते पुन्हा विटेत मुरतात, आणि भिंत हिवाळाभर उघडी ठेवावी. दिवाळीपूर्वी घर रंगवायचेच असेल, तर तेवढी भिंत सोडून बाकीची रंगवावी.

दोन घरांच्या गच्च्यांमध्ये किंवा दोन इमारतींमध्ये जी उभी फट असते, ती सिमेंटने बुजवावी का?

सिमेंटने कधीही बुजवू नये. शेजारी-शेजारी स्वतंत्र पायांवर उभी असलेली दोन बांधकामे उन्हाने, थंडीने आणि जमिनीच्या थोड्याफार खचण्याने वेगवेगळी हलतात. मधली फट त्यासाठीच ठेवलेली असते. तिच्यात कडक मसाला भरला की तो पहिल्याच उन्हाळ्यात एका कडेने सुटतो आणि केसाएवढी चीर पडते; या चिरेतून आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही, म्हणून पूर्वीच्या उघड्या फटीपेक्षा ती अधिक घातक ठरते.

योग्य पद्धत अशी आहे. फटीतील जुना मसाला, विटांचे तुकडे आणि माती शक्य तितक्या खोलवर काढावी, दोन्ही कडा ब्रशने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्याव्यात, फटीपेक्षा किंचित जाड असा फोमचा दोर, ज्याला दुकानात बॅकर रॉड म्हणतात, आत दाबून बसवावा आणि त्यावर पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन सीलंट भरावे. सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी असावी आणि ते फक्त दोन बाजूंच्या कडांना चिकटावे, तळाला नव्हे. तळाला चिकटलेले सीलंट ताणले जाऊ शकत नाही आणि मधोमध फाटते. आडव्या, म्हणजे गच्चीवरच्या, सांध्यावर एवढ्याने भागत नाही. तेथे दोन्ही बाजूंना लहान उंचवटे बांधून वर अॅल्युमिनियमचा किंवा जस्ताच्या पत्र्याचा टोपीसारखा पत्रा बसवावा आणि तो एकाच बाजूला पक्का करावा, म्हणजे दुसरी बाजू मोकळेपणाने सरकू शकते.

एका घराची गच्ची खाली आणि शेजाऱ्यांचा मजला वर असेल, तर जेथे खालची गच्ची वरच्या भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाई, करून वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान फूटभर चढवावा आणि त्याची वरची कड भिंतीत खाच पाडून आत वळवावी. ही कड नुसती भिंतीला चिकटवून सोडलेली असते, आणि बहुतेक गळती तेथूनच सुरू होते.

शेजारचा जुना वाडा पाडला आणि आमची भिंत उघडी पडली. आता काय करावे?

पुण्यातील पेठांत आणि जुन्या नाशकात हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, आणि तो तातडीचा असतो. जी भिंत आजवर दोन्ही बाजूंनी घरातच होती, ती एकाएकी बाहेरची भिंत झालेली असते. तिच्या उघड्या बाजूला प्लास्टर नसते, शेजाऱ्यांच्या तुळया काढलेल्या जागी भोके असतात आणि माथ्यावर पाणी अडवणारे काहीच नसते. सर्वप्रथम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून भिंतीचा आडवा आधार गेला आहे का, ते तपासावे आणि गरज असल्यास तिरके टेके लावून घ्यावेत. मग तुळयांची भोके विटांनी नीट चिणून घ्यावीत. पावसाला महिना-दोन महिने असतील, तर बाहेरून दोन थरांचे प्लास्टर करून त्यावर सात दिवस पाणी मारावे. पाऊस तोंडावर आला असेल, तर घाईचे प्लास्टर करण्यापेक्षा माथ्यापासून जोत्यापर्यंत जाड ताडपत्री पट्ट्या ठोकून बांधावी. माथ्यावर बाहेरच्या बाजूला उतार देऊन कोपिंग, म्हणजे भिंतीचे वरचे झाकण, करावे आणि ते भिंतीच्या पुढे दोन इंच आलेले असावे.

शेजारी नवी इमारत उभी राहणार असेल, तर ती बांधून झाल्यावर या भिंतीपर्यंत हात पोहोचणार नाही. जे करायचे ते जागा मोकळी असतानाच करावे.

आमची भिंत मातीची किंवा जांभ्या दगडाची आहे. तिलाही हेच उपाय चालतील का?

चालणार नाहीत. मातीच्या, चुन्यात बांधलेल्या किंवा चिऱ्याच्या भिंती पाणी थोडेफार शोषून घेतात आणि उन्हात सोडून देतात; त्यांचा टिकाऊपणा याच देवाणघेवाणीवर अवलंबून असतो. अशा भिंतीवर सिमेंटचे प्लास्टर किंवा प्लॅस्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते आणि थराच्या मागे माती विरघळू लागते. येथे चुन्याचे प्लास्टर आणि चुन्याचाच रंग वापरावा. कोकणातील जोडघरांत भिंतीपेक्षा दोन छपरांच्या मधली पन्हळच बहुधा दोषी असते. मृगापूर्वी ती पालापाचोळा काढून साफ करणे आणि तिचा उतार तपासणे यानेच निम्म्या तक्रारी मिटतात.

शेजाऱ्यांचे बोलणे शब्द न् शब्द ऐकू येते. भिंत जाड करावी लागेल का?

शब्द स्पष्ट ऐकू येत असतील, तर भिंत पातळ असण्यापेक्षा तिच्यात छिद्र असण्याचीच शक्यता अधिक असते. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली साडेचार इंची विटांची भिंत साधारण ४० ते ४५ डेसिबल आवाज अडवते आणि नेहमीच्या बोलण्याची पातळी ६० डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे पलीकडचे साधे बोलणे अलीकडे फार तर पुसट गुणगुणीसारखे यायला हवे. परंतु भिंतीच्या क्षेत्रफळाचा अवघा एक टक्का भाग उघडा असेल, तर सबंध भिंत २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवूच शकत नाही, मग ती कितीही जाड असो.

ही छिद्रे शोधण्यासाठी रात्री खोलीत अंधार करून शेजाऱ्यांना त्यांच्या बाजूने टॉर्च फिरवायला सांगावी आणि आपण भिंतीच्या कडा न्याहाळाव्यात. दिवसा उदबत्ती उपयोगी पडते : पंखा बंद करून ती फटीजवळ धरली की धूर आत ओढला जातो किंवा बाहेर फेकला जातो. बीमच्या खालची शेवटच्या विटेवरची फट, कॉलम आणि वीट यांच्यामधली उभी भेग, स्कर्टिंगच्या मागची पोकळी, बंद केलेला जुना कोनाडा आणि एसीच्या पाइपांची भोके ही नेहमीची ठिकाणे होत. सर्वांत दुर्लक्षित ठिकाण मात्र स्विच बॉक्सचे. आमच्याच घरी बैठकीच्या खोलीत शेजाऱ्यांच्या मुलाने म्हटलेले पाढे इतके स्वच्छ ऐकू येत की तो सतराच्या पाढ्यात कोठे अडखळतो तेही आम्हाला माहीत झाले होते. मेन स्विच बंद करून बोर्डाची प्लेट काढली, तर बॉक्सच्या मागे वीटच नव्हती. पलीकडचा बॉक्स नेमका पाठीला पाठ लावून बसवलेला होता आणि वायरीच्या भोकातून त्यांच्या ट्यूबलाइटचा उजेड दिसत होता. दोन्ही घरांनी मिळून एक बॉक्स फूटभर बाजूला सरकवला आणि जुनी जागा विटेने व मसाल्याने भरली. पाढे अजूनही ऐकू येतात, आकडे कळत नाहीत.

पाव इंचापर्यंतच्या भेगांसाठी कायम लवचीक राहणारे अॅक्रिलिक सीलंट वापरावे, कारण त्यावर रंग बसतो. सिलिकॉनवर रंग बसत नाही. मोठ्या पोकळ्या मसाल्यानेच भराव्यात. फुगणारा पीयू फोम भरायला सोपा असला तरी हलका असल्याने आवाज फारसा अडवत नाही, शिवाय तो ज्वलनशील आहे. कॉलम आणि वीट यांच्या सांध्यावरचे प्लास्टर वारंवार तडकत असेल, तर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल एवढी चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, ठोकून नवे प्लास्टर करावे.

फटी बुजवूनही आवाज येतो. भिंतीवर काय लावावे?

स्वतंत्र सांगाड्यावरचे अस्तर हा खात्रीचा उपाय आहे. मूळ भिंतीपासून अर्धा ते एक इंच अंतर सोडून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्ट्यांचा सांगाडा फक्त जमिनीला आणि छताला धरून उभा करावा, भिंतीत एकही स्क्रू मारू नये, पट्ट्यांच्या मध्ये ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लादी, बसवावे आणि त्यावर १२.५ मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डांचे दोन थर सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे लावावेत. चारही कडांना पाव इंच फट ठेवून ती सीलंटने भरावी. यात खोलीची रुंदी जवळजवळ चार इंचांनी कमी होते आणि आवाज १० डेसिबल किंवा त्याहून अधिक घटू शकतो. कानाला १० डेसिबलची घट म्हणजे आवाज निम्मा झाल्यासारखे वाटते. जड कपाटे अशा अस्तराला टांगू नयेत.

एक मर्यादा मात्र आधीच स्पष्ट केलेली बरी. खुर्ची सरकवण्याचा, मिक्सरचा किंवा खलबत्त्याचा आवाज मुख्यतः मधल्या भिंतीतून येत नाही. तो स्लॅबमधून, बीममधून आणि फरशीतून प्रवास करतो, त्यामुळे भिंतीवर कितीही खर्च केला तरी तो फारसा कमी होत नाही. त्याचा उपाय शेजाऱ्यांच्या ओट्यावर आहे : मिक्सरखाली जाड रबरी मॅट आणि खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या. दिवाळीच्या फराळाबरोबर चकत्यांचे पाकीट दिल्यास सहसा कोणी रागावत नाही.

थर्मोकोल, अंड्यांचे ट्रे किंवा फोमच्या लाद्या लावल्यास?

उपयोग नाही. फोम खोलीतील घुमणारा आवाज कमी करतो, भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवत नाही. अडवण्यासाठी वजन लागते. थर्मोकोलवर पातळ बोर्ड चिकटवल्यास खालच्या पट्टीतील आवाज उलट वाढूही शकतो. या तिन्ही वस्तू आगीत झपाट्याने पेटतात.

आमची भिंत सिपोरेक्सची आहे. ती तर इन्सुलेटेड असते ना?

उष्णतेसाठी असते, आवाजासाठी नाही. सिपोरेक्सच्या हलक्या काँक्रीट ब्लॉकमध्ये हवेची सूक्ष्म छिद्रे असल्याने उष्णता कमी वाहते, पण आवाज प्रामुख्याने भिंतीच्या वजनाने अडतो, आणि चार इंची सिपोरेक्सची भिंत तेवढ्याच जाडीच्या विटांच्या भिंतीपेक्षा बरीच हलकी असते. मायवान पद्धतीच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या, नव्या इमारतींत भिंती काँक्रीटच्या असतात, त्या आवाज चांगला अडवतात. मात्र त्या भार पेलणाऱ्या असल्याने त्यांत वायरी-पाइपांसाठी झिऱ्या (खाचा) मारू नयेत.

उन्हाळ्यात घर तापते, म्हणून सामाईक भिंतीला इन्सुलेशन करावे का?

सहसा नाही. या भिंतीवर ऊन पडत नाही आणि दोन्ही बाजूंचे तापमान जवळपास सारखेच असते. तोच पैसा गच्चीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर घालावा.

एक अपवाद आहे. शेजाऱ्यांच्या शयनगृहात रात्रभर एसी चालत असेल आणि आपल्या बाजूला बंद, दमट खोली असेल, तर पावसाळ्यात भिंतीचा आपल्याकडचा पृष्ठभाग गार राहून त्यावर, विशेषतः टेकवून ठेवलेल्या कपाटामागे, काळी बुरशी येते. प्रत्यक्ष थेंब दिसले नाहीत तरी भिंतीलगतची हवा पुरेशी दमट असली की बुरशीला तेवढे पुरते. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढावे आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. त्याने भागले नाही, तरच अस्तराचा विचार करावा.

खर्च कोणी करायचा?

गृहनिर्माण संस्थेत, आदर्श उपविधींनुसार, पावसाची गळती आणि सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करण्याची जबाबदारी संस्थेची असते, तर सदनिकेच्या आतील नळ, मोरी व शौचालयाच्या गळतीचा खर्च त्या सभासदाने करायचा असतो. इमारत नवी असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्यातील कलम १४(३) पाहावे : ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष लेखी निदर्शनास आणल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. स्वतंत्र रो-हाउस किंवा वाडा असेल, तर भिंत कोणाच्या हद्दीत आहे की दोघांची आहे, हे खरेदीखतातील वर्णनावरून आणि नगर भूमापनाच्या नकाशावरून पाहावे. ती दोघांची असल्यास मोठे काम काढण्यापूर्वी कामाचे स्वरूप, खर्चाची वाटणी आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर कामगारांना जाऊ देण्याची परवानगी एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कामाआधी दोन्ही बाजूंचे तारखेसह फोटो काढावेत, म्हणजे आधीपासून असलेली भेग कोणाची, हा वाद उद्भवत नाही.

काम वर्षातून केव्हा करावे?

गळतीचे मूळ पावसाळ्यातच शोधावे, कारण तेव्हाच ते दिसते. डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहावी आणि दर आठवड्याला नवी रेघ ओढावी. गच्चीचे आणि सांध्यांचे काम कोजागिरीनंतर, कडा पूर्ण वाळल्यावर घ्यावे. आतील प्लास्टर फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे, रंग अक्षय्य तृतीयेच्या आसपास. जिप्समचे अस्तर करायचे असेल, तर दुरुस्त केलेल्या भिंतीने एक पूर्ण पावसाळा कोरडा काढल्याशिवाय त्याची ऑर्डर देऊ नये.